कुंभारणीच्या पाठीवरचा ठिपका

आमच्या वरच्या खोलीत आजवर बरेच भाडेकरू राहून गेले. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं, रस्त्याच्या कामावरचे सुपरवायझर, मुठा खोऱ्यात स्वतःचं फार्महाऊस बांधून होण्याची वाट बघणारं एक जोडपं. खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो, मग मोबाइलला रेंज येते का ते, मग गाडी लावायची जागा. त्या बाई आल्या तेव्हा त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात उभ्या राहून त्यांनी गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गोठा अजून ठेवलाय तुम्ही?"

गणपती होऊन गेले होते. पावसाची उघडीप होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, किंचित वाकलेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. बावधनहून रिक्षा करून आल्या होत्या. गोठ्यात आता जनावरं नव्हती. नवऱ्याची मोटरसायकल, खताची रिकामी पोती, जुना पंखा असलं सामान होतं. तो पाडून तिथे आणखी दोन खोल्या काढायचं आमचं ठरलेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

तेवढ्यात माझ्या सासूबाई घरातून बाहेर आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी बाईंकडे बराच वेळ निरखून बघितलं.

"तुमी त्या कुंभारणीवाल्या बाई न्हवं का?"

"आणि तू ती नवी नवरी. विहिरीवर जाताना मला रोज विचारायचीस, दिसलं का काही म्हणून."

आत्या हसल्या. मग दोघी ओट्यावर बसल्या आणि मला चहा ठेवायला सांगितलं. चहा होईपर्यंत मला एवढं समजलं की आत्या लग्न होऊन या घरात आल्या त्याच साली या बाई इथे राहायला होत्या, आणि त्या वेळी गोठ्याच्या भिंतीसमोर दिवस दिवस बसून असायच्या.

कुंभारीण म्हणजे एक माशी. गांधीलमाशीच्या नात्यातली. काळी, लांब पायांची, पायांवर पिवळे पट्टे, आणि कंबर इतकी बारीक की पुढचं आणि मागचं अंग दोऱ्याने जोडलंय असं वाटावं. ओल्या जागेवरून चिखलाची गोळी आणते आणि भिंतीवर, वाशावर, खिडकीच्या कोपऱ्यात नळीसारखी घरं बांधते. प्रत्येक नळीत डंख मारून सुन्न केलेले कोळी भरते, एक अंडं घालते आणि तोंड लिंपते. नळ्या बांधून झाल्या की सगळ्यांवर मिळून चिखलाचा एक जाड थर देते. हे घर आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं आणि दिवाळीच्या साफसफाईत उलथन्याने खरवडून काढलेलं असतं. मीही काढलं होतं, कित्येकदा.

ही सगळी माहिती आपल्याकडे बसून, बघून, पहिल्यांदा नीट लिहून काढली ती या बाईंनी. हे मला त्यांनी नाही सांगितलं. पुढे त्यांचा एक विद्यार्थी आला तेव्हा त्याच्याकडून कळलं. त्यांच्या तरुणपणी निसर्गाचा अभ्यास म्हणजे वाघ, पक्षी, फार तर साप. भिंतीवरच्या माशीचा अभ्यास करणारी बाई लोकांना विचित्र वाटायची.

"भिंतच का?" मी एकदा विचारलं.

"जंगलात मला नेत नसत," त्या म्हणाल्या. "वर्गात मी एकटी मुलगी. कॅम्प निघाला की सर म्हणायचे, तुमची राहायची सोय नाही, तुम्ही हर्बेरियम लावा. वर्षभर मी वाळलेली पानं चिकटवली. मग लक्षात आलं, भिंतीसमोर बसलेल्या बाईला कोणी हटकत नाही. भिंती सगळीकडे असतात आणि त्यांच्यावर पुष्कळ काही चाललेलं असतं."

त्यांचे वडील पोस्टात होते. या गावात वडिलांच्या ओळखीचा एक पोस्टमन होता. त्याने आमच्या आजेसासूबाईंना विचारलं आणि एसटीने येऊन बाई आमच्याकडे उतरल्या. गावात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बाधा झालीय. आत्यांनी मला सांगितलं की आजेसासूबाईंनी ते एका वाक्यात मिटवलं होतं. "बाधा झाली असती तर रानात पळाली असती, माझ्या गोठ्याकडं बघत कशाला बसली असती?" त्या मोसमात गोठ्याची भिंत सारवायची नाही असा हुकूमही त्यांनी काढला. नव्या सुनेला, म्हणजे आत्यांना, तेवढंच एक काम कमी झालं.

बाईंनी वरची खोली घेतली आणि गोठा दिवाळीपर्यंत पाडू नका अशी विनंती केली. नवऱ्याने आधी कुरकुर केली, गवंडी ठरला होता. आत्या म्हणाल्या, "दोन म्हैन्यानं काय गोठा पळून जातुया व्हय?" विषय तिथे संपला.

त्या परत का आल्या हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. संध्याकाळी मी घोटावड्याच्या कंपनीतून आले होते. गोठ्याच्या दारात त्यांची प्लास्टिकची खुर्ची होती. मी शेजारी पायरीवर बसले.

"मी तेव्हा एक वाक्य लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "घर लिंपून पुरं झालं की कुंभारीण पुन्हा तिथे फिरकत नाही. लोकांना ते फार आवडलं. भाषणांत सांगायचे. बिनमायेची आई म्हणायचे. मी बिनमायेची असं काही लिहिलं नव्हतं, पण ते राहू दे. मागच्या वर्षी बावधनला माझ्या बाल्कनीत एक घर लिंपून झालं. आठवडा गेला. आणि एका सकाळी त्या घरावर कुंभारीण बसलेली. तोंडात चिखल."

"म्हणजे ती परत आली?"

"तेच तर. तीच होती का?"

मला त्यात एवढं काय ते कळलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, "माझं वाक्य चुकलं असेल अशी मला शंका आहे. जिथे लिहिलं तिथेच येऊन तपासावं म्हटलं."

मला याचं नवल वाटलं. आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. लहान स्प्रिंगा भिंगाखाली धरून चरा, तडा, वाकडेपणा बघायचा. एकदा पास होऊन गेलेला माल कुणी आपणहून परत तपासायला मागत नाही. उलट, निघून गेला की सुटलो म्हणतात. आणि ही बाई इतक्या वर्षांनी स्वतःचा पास झालेला माल परत मागवत होती.

तीच माशी की दुसरी, हे ओळखायचं तर खूण करायला हवी. बाईंची पद्धत अशी: माशी घरावर काम करताना काचेचा ग्लास तिच्यावर अलगद ठेवायचा, खालून लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवायचा, तिला छोट्या डबीत घ्यायचं आणि थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं. गारठ्याने ती सुस्त होते. तेवढ्यात पाठीवर, पंखांच्या मध्ये, रंगाचा ठिपका द्यायचा. ऊन लागलं की उठून जाते.

पहिल्या दिवशी आत्यांनी ताक करायला फ्रिज उघडला आणि जागीच थांबल्या.

"हे काय बसवलंय दह्याशेजारी?"

"पाहुणी आहे," बाई म्हणाल्या. "लगेच काढते."

"आन् मेली म्हंजी?"

"मग माझीच पंचाईत."

आत्यांनी डबी उचलून उजेडात धरली, आतली माशी बघितली, आणि दह्याचं पातेलं खालच्या कप्प्यात ठेवून डबी वर ठेवली. त्यानंतर वरचा कप्पा कुंभारणींचा झाला.

रंग म्हणून बाईंनी माझं नेलपॉलिश मागितलं. खराट्याच्या हिराचं टोक त्यात बुडवून त्या डबीवर वाकल्या. त्यांचा हात थरथरत होता. ठिपका पाठीवर पडायच्या ऐवजी पंखावर ओघळला. माशी उठली तेव्हा तिला नीट उडता येईना. भिंतीच्या कडेने खुरडत राहिली. बाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी कापसाला रिमूव्हर लावून पंख पुसायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळी त्या जेवायला खाली आल्या नाहीत. मी ताट वर नेऊन दिलं.

"माझ्या हातांनी आता हे होणार नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुझा हात बघू."

मी हात पुढे केला. त्यांनी तो बोटांच्या टोकाला धरून बराच वेळ बघितला. दिवसभर चिमट्याने स्प्रिंगा धरून माझा हात स्थिर झालेला आहे, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी पहिला ठिपका दिला. गोठ्याच्या वाशावर घर बांधणाऱ्या माशीला लाल. डबी उघडल्यावर ती आधी पडूनच होती. मी वाकून बघत होते. एवढ्या जवळून मी कुठलीच माशी कधी बघितली नव्हती. तिच्या जबड्यांना चिखल लागलेला होता, आमच्या नळाजवळचा तो लालसर चिखल. मग एक पाय हलला, मिशा हलल्या, आणि ती उठून सरळ तिच्या घराकडे गेली, मध्ये काही घडलंच नाही अशी. नंतर खिडकीच्या चौकटीवरच्या माशीला पांढरा ठिपका दिला. तिसऱ्या एकीला नणंदेच्या मुलीकडचं मोरपंखी लावलं, पण ती पुन्हा दिसलीच नाही.

लालने चार नळ्या बांधल्या, भरल्या, आणि सगळ्यांवर थर दिला. मग ती येईनाशी झाली. त्या घरावर आता पहारा सुरू झाला. मी कंपनीत असताना बाई दारात बसत. दुपारी आत्या वाल सोलायला तिथेच जाऊन बसू लागल्या. त्यांची बोलणी मला रात्री जेवताना ऐकायला मिळत. आत्यांनी एकदा विचारलं होतं, "पिल्लं भाईर निघाली की आईला वळखत्यात का वं?"

"भेट होत नाही त्यांची. तोवर ती मेलेली असते बहुतेक."

"मग येवढं लिंपतीया कशापायी, त्ये तिला तरी ठावं असंल का?"

"मला तरी ते अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तू सांग, तुला काय वाटतं?" आत्यांना त्यावर काय वाटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या दुपारची झोप सोडून गोठ्यात गेल्या.

दसऱ्यानंतरचा गुरुवार होता. बाई खाली स्वयंपाकघरात जेवत होत्या आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले होते. डोक्यात घरच्या कामांची यादी चाललेली. एक कुंभारीण दारातून आत आली, मोटरसायकलच्या आरशावरून गेली आणि लालच्या लिंपलेल्या घरावर उतरली. तोंडात चिखलाची गोळी. तिने गोळी घराच्या कडेला टेकवली आणि पसरायला लागली. चिखल पसरताना ती गुणगुणते, तो आवाज मला खुर्चीपर्यंत येत होता.

मी हाक मारली. बाई खरकट्या हातानेच आल्या.

"ठिपका आहे?"

"आहे."

"कुठला?"

माझ्या ओठांवर 'लाल' हेच आलं होतं. ती परत यावी असं मला मनापासून वाटत होतं. इतके दिवस तिच्यासाठीच बसलो होतो. बाईंनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला. "घाई करू नको. तुला दिसावंसं वाटतंय ते सांगू नको, दिसतंय ते सांग."

माशीची पाठ सावलीत होती, ठिपक्याचा रंग कळत नव्हता. ती चिखल पसरत पसरत हळूहळू वळली. दाराकडचं ऊन तिच्या पाठीवर आलं.

"पांढरा," मी म्हणाले.

"नक्की?"

"पांढराच."

बाई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. बघितलं तर त्यांचे डोळे लकाकत होते. "खिडकीवाली," त्या म्हणाल्या. "खिडकीवाली इथे काय करतेय?"

हे पुढच्या दोन दिवसांत कळलं. पांढरी माशी लालच्या घराची डागडुजी करत नव्हती. त्या घराच्या कडेला टेकून तिने स्वतःची नवी नळी बांधायला घेतली होती. आयती भिंत मिळाली की एक बाजू बांधायची वाचते. आणि लाल कुठे गेली तेही सापडलं. आत्यांना ती विजेच्या मीटरच्या पेटीत दुसरं घर बांधताना दिसली. "तुमची लाल टिकलीवाली हितं बिऱ्हाड मांडून बसलीया," असं सांगत त्या आल्या. आम्ही दिवाळीपर्यंत बघितलं. लाल आपल्या पहिल्या घराकडे आम्हाला एकदाही दिसली नाही.

"म्हणजे तुमचं वाक्य बरोबरच होतं," मी म्हणाले. मला फार आनंद झाला होता.

बाईंनी मान हलवली. "निदान या एकीपुरतं बरोबर निघालं. पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मी तेव्हा एकाही माशीला खूण केली नव्हती. मला एक माशी दिसायची आणि मी 'ती' असं लिहायचे. आता समजा तेव्हा एखादी पांढरी येऊन बसली असती, तर मी लिहिलं असतं, आई परत येते. लोकांनी तेही भाषणांत सांगितलं असतं. मी ज्याच्या जोरावर नाव मिळवलं ना, ते पाहिलेलं नव्हतंच. ते मला तसं वाटलेलं होतं."

हे त्यांनी लिहायचं ठरवलं. त्यांना टायपिंग जमत नव्हतं, म्हणून त्या सांगत आणि मी संध्याकाळी फोनवर टाइप करत असे. छोटंसंच टिपण होतं. "खूण नेलपॉलिशने केली" या वाक्यापाशी मी अडले. म्हटलं, "नुसतं रंगाने केली असं लिहू या का? हसतील."

"दुसऱ्या कुणाला करून बघायचं असेल तर त्याला कळायला नको का, काय लावलं ते?" नेलपॉलिश राहिलं. शेवटी त्यांनी आणखी एक वाक्य घालायला लावलं, की इतक्या थोड्या माश्यांवरून काहीच ठरत नाही.

त्यांचा विद्यार्थी आला तो या सुमाराला. विद्यार्थी म्हणजे स्वतःच निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक, केस पांढरे झालेले. ते टिपण वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, वाक्य खोटं ठरलेलं नाही. मग हे उकरून कशाला काढायचं? लोक म्हणतील, यांचं बाकीचंही सगळं असंच असेल."

"असेलही," बाई म्हणाल्या. "म्हणू देत. त्या निमित्ताने कुणी जाऊन बघेल तरी."

"तुमच्या नावावर माणसं शिकली. मी शिकलो."

"मग तू आधी बघायला हवं होतंस."

मी आतबाहेर करत होते, मला अवघडल्यासारखं झालं. आत्यांनी तेवढ्यात दोघांना जेवायला बसवलं, भाकरी आणि पावट्याची उसळ. हात धुऊन सर म्हणाले, "ठिपकेवाली आत्ता दिसेल का?"

मी त्यांना मीटरच्या पेटीपाशी नेलं. ते आधी वाकून बघत होते, मग गुडघ्यावर बसले, मग त्यांनी खताचं एक पोतं अंथरलं आणि चक्क त्यावर आडवे झाले. ऊन कलेपर्यंत ते तिथेच होते. जाताना त्यांनी नेलपॉलिशची बाटली हातात घेऊन वरचं नाव वाचलं आणि फोनमध्ये टिपून ठेवलं.

टिपण पुढे एका छोट्या मासिकात छापून आलं. फार गाजावाजा झाला नाही. बाईंची बदनामी वगैरे काही झाली नाही. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नसावं. विदर्भातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा मात्र फोन आला. तिच्या वर्गाच्या खिडकीत घरं होती आणि शाळेत फ्रिज नव्हता. बाईंनी तिला बर्फाच्या पिशवीचा उपाय सांगितला आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या.

दिवाळी झाल्यावर त्या बावधनला परत गेल्या. जानेवारीत गोठा पाडला. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण खोल्या आम्हाला हव्याच होत्या. बाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबलात, तेवढं मला पुरलं." नव्या खोल्यांत आता दोन कुटुंबं राहतात. गुरुवारी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की माझी नजर आपोआप कठड्याच्या खालच्या अंगाला जाते. पूर्वी मी तिथे फक्त जळमटं बघायचे.

मध्यंतरी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून मी भेटायला गेले. आठव्या मजल्यावर भाचीजवळ राहतात. मला वाटलं, पडून असतील. त्या काळा चष्मा लावून बाल्कनीत स्टुलाशेजारी उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. मला स्टुलावर चढू देत नाहीत. त्या कोपऱ्यात कोळी आहे का बघ."

होता. अगदी तांदळाएवढा.

"हा आठव्या मजल्यावर आला कसा?" त्यांनी विचारलं. "भिंतीवरून चढत आला, वाऱ्यावर उडत आला, की लिफ्टमधून कुणाच्या तरी सामानाबरोबर?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. खाली उतरत गेलो तर प्रत्येक मजल्यावर असाच आहे का, तेवढं तरी कळेल." त्यांनी चपला घातल्या. भाची नको नको म्हणत होती; मी हात धरते म्हटल्यावर तिने सोडलं. आम्ही जिन्याने उतरायला लागलो. प्रत्येक मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्याशी थांबायचं, मी बघायचं आणि सांगायचं. सातव्यावर होता. सहाव्यावर नुसतं जाळं होतं. पाचव्या मजल्यावर वॉचमन भेटला. तो पाण्याच्या मोटरचं बघायला वर चालला होता. दोन बायका खिडकीच्या कोपऱ्यात डोकं घालून उभ्या बघून तो थांबला.

"क्या गिर गया, माताजी?"

"मकड़ी ढूंढ रहे हैं," बाई म्हणाल्या. "तुम्हारे केबिन में है क्या?"

त्याने जरा विचार केला. "देखना पड़ेगा," तो म्हणाला, आणि मोटर तशीच ठेवून आमच्या पुढे खाली उतरायला लागला.